कॅन्सर सर्जनचे पेपर मोजणाऱ्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि रुग्णालयांच्या निवड व पदोन्नती समित्या

सन्माननीय सदस्य,
स. न. वि. वि.

तुमच्यासमोर उमेदवाराची जी फाईल येते ती तयार करणारी माणसं तुम्हाला सहसा भेटत नाहीत. मी त्यांतली एक. मी डॉक्टर नाही, शहरातल्या एका रुग्णालयाच्या सर्जरी विभागात ट्रायल कोऑर्डिनेटर, म्हणजे उपचारांच्या चाचण्यांचं रोजचं काम बघणारी आहे. पेशंटची संमती नीट घेतली गेली ना ते बघायचं, फॉर्म भरायचे, फॉलोअपचे फोन करायचे, आणि मुलाखतीचा हंगाम आला की सरांचे-मॅडमचे पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध, एका तक्त्यात मांडून द्यायचे, हे माझं काम. शीर्षक, जर्नल, इंडेक्सिंग (जर्नल कोणत्या मान्य सूचीत आहे ते), इम्पॅक्ट फॅक्टर (त्या जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा), लेखकांमध्ये नंबर कितवा. सगळ्यात खाली बेरीज. हे पत्र त्या बेरजेबद्दल आहे.

मोजूच नका, असं मी म्हणणार नाही. मोजणं बंद केलं तर त्या जागी वशिला येऊन बसेल, हे मुंबईत नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. शिवाय लिहायला लावलं नाही तर लिहीत नाहीत, हेही खरं. डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशोब मांडला होता. त्यात ३३२ संस्थांच्या नावावर एकही पेपर नव्हता. असे आकडे बघितल्यावर कुठल्याही नियामकाला छडी उचलावीशी वाटणारच.

पण छडी उचलल्यावर काय होतं, तेही आमच्या टेबलावरून दिसतं. जागेची जाहिरात निघाली की विभागात दुर्मिळ गाठींची साथ येते. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या स्लाईड बाहेर निघतात. केस रिपोर्ट, म्हणजे एकाच पेशंटवरचा लेख, धरणार नाही म्हटलं, की तीन पेशंट एकत्र करून केस सिरीज होते. २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने पहिले दोनच लेखक मोजायचे आणि ई-जर्नल धरायची नाहीत, असं परिपत्रक काढलं, तेव्हा पहिल्या दोन नावांसाठी कुठे कुठे काय काय झालं असेल याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. पुढे नियम सैल झाले, पण 'माझं नाव कितवं' हा प्रश्न काही सुटला नाही. पैसे भरले की महिन्याभरात छापणारी जर्नलं तर आता थेट व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, सणाच्या सवलतीसकट.

आता एका पेपरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला जे म्हणायचं आहे ते त्यातच आहे.

जिभेचा किंवा गालाच्या आतला कॅन्सर लवकर सापडला. गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. ऑपरेशन करून तोंडातली गाठ काढायची, इथवर सगळ्यांचं एकमत. पण मानेतल्या नोड्सचं, म्हणजे कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या लसिकाग्रंथींचं, काय? त्याच वेळी काढून टाकायच्या, की थांबायचं, दर भेटीत मान तपासायची आणि वाढल्याच तर तेव्हा काढायच्या? सगळ्यांच्याच काढल्या तर ज्यांच्या मानेत कॅन्सर पोचलेलाच नाही त्यांनाही विनाकारण मोठी जखम होते. खांदा जड पडतो, कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढताना हात अडतो. थांबलं तर एखाद्याच्या बाबतीत उशीर होतो. जगभरचे सर्जन यावर कित्येक दशकं वाद घालत होते आणि प्रत्येक जण आपापल्या गुरूने शिकवलं तसं करत होता.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २००४ मध्ये यावर चाचणी सुरू केली. कोणत्या पेशंटची मान लगेच करायची, म्हणजे नोड्स त्याच वेळी काढायच्या, आणि कोणत्या पेशंटसाठी थांबायचं हे सर्जनने ठरवायचं नाही, रँडमायझेशनने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरायचं. जून २०१४ पर्यंत ५९६ पेशंट घेतले गेले. पहिल्या ५०० जणांचा हिशोब झाला तेव्हा तीन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण लगेच मान केलेल्या गटात ८० टक्के होतं, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. साधा भागाकार करा. आठ पेशंटची मान वेळेत केली की तीन वर्षांत एक जीव जास्त वाचतो. पेपर २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या सर्वांत मोठ्या अधिवेशनात मुख्य व्यासपीठावरून मांडला गेला. तंबाखू, मशेरी आणि गुटख्याने आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट एवढे करून ठेवलेत, की या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर इथूनच मिळणार होतं. याचा अभिमान वाटून घ्यावा की शरम, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता हेच काम तुमच्या तक्त्यात कसं दिसेल ते बघा. २००४ ते २०१४ या काळात त्या चाचणीच्या नावापुढे तुम्हाला काहीच दिसलं नसतं. समजा, त्या दहा वर्षांत एखादा तरुण लेक्चरर फक्त त्याच चाचणीत गुंतलेला आहे आणि २००८ मध्ये तुमच्यासमोर मुलाखतीला बसला आहे. तुम्ही त्याला 'तुमचं पब्लिकेशन वीक आहे' असं सांगून परत पाठवलं असतं. नियमाप्रमाणे तुमचं काही चुकलंही नसतं.

आणि २०१५ नंतर? हल्ली तक्त्यात एच-इंडेक्सचा रकाना असतोच. होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप २००५ मध्ये सुचवलं. तुमच्या दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा वेळा कुणी संदर्भ म्हणून वापरलं तर तुमचा एच-इंडेक्स दहा. माप सुटसुटीत आहे, पण त्यातली गंमत अशी की एक पेपर, मग त्याचा संदर्भ हजारदा आलेला असो, या आकड्यात फार तर एकाची भर घालतो. म्हणजे जगभरच्या ऑपरेशन थिएटरमधली पद्धत बदलणारी दहा वर्षांची चाचणीही एक, आणि दोन रेसिडेंटना इंटरनेटवर बसवून महिन्याभरात उरकलेला, बऱ्यापैकी संदर्भ मिळवणारा रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या पेपरांचा आढावा, तोही एकच. इम्पॅक्ट फॅक्टर तर त्याहून लांबचा. युजीन गारफिल्ड यांनी तो जर्नलांची तुलना करण्यासाठी काढला आणि ग्रंथपालांनी वर्गणी कुठे भरायची ते ठरवायला वापरला. त्यावरून माणसाचं मोल काढणं म्हणजे इमारत चाळीस मजली आहे म्हणून भाडेकरूला उंच समजणं. हे मी नवीन सांगत नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संपादक-प्रकाशकांनीच एकत्र येऊन एक जाहीरनामा काढला, की नेमणूक आणि बढतीसाठी जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका. आपल्याकडे तो रकाना अजून आहे, आणि मी अजून तो भरते.

जो रकाना कुठेच नाही, त्याबद्दल आता.

कॅन्सर सर्जरीच्या संशोधनात ऑपरेशन हा सुरुवातीचा भाग. खरं काम त्यानंतर सुरू होतं. तीन वर्षांनी, पाच वर्षांनी तो पेशंट आहे का, रोग परत आला का, पेशंट गेला असेल तर कशाने गेला. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांना आम्ही 'लॉस्ट टू फॉलोअप' म्हणतो. शंभरातले पाच हरवले तर निभावतं. पंचवीस हरवले आणि नेमके तेच गेलेले असले, तर तुमचे ८० टक्के कागदावर दिसतात, प्रत्यक्षात नसतात. पेपर मात्र तसाही छापून येतो.

आमच्या एका रजिस्टरमधली ओळ सांगते. बाई, वय पन्नाशीचं, जीभ, डावी कड. पत्ता लालबागच्या एका चाळीचा. फोन लावला तर नंबर दुसऱ्याच कुणाचा झालेला. पत्र पाठवलं ते परत आलं, कारण चाळ पाडलेली, पत्र्याच्या कुंपणाआड टॉवरचा पाया खणणं सुरू. भाडेकरू कुणी ट्रान्झिट कॅम्पात, कुणी भाडं घेऊन विरार-कळव्याला. अशा वेळी कुणाकडे जायचं ते कुठल्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं. आम्ही चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार शोधला. वर्गणीसाठी त्याच्याकडे सगळ्यांचे नवे नंबर असतातच. त्याच्याकडून मुलाचा नंबर मिळाला. मुलगा म्हणाला, आई बरी आहे, फक्त तिखट अजून चालत नाही, आमटी वेगळी काढावी लागते. मग बाईच फोनवर आल्या आणि 'डॉक्टरांना सांगा, मी येते पुढच्या आठवड्यात, पण नंबर लवकर लावा' असं ठणकावून ठेवून दिला. नंतर तपासणी झाली, मानेत काही नाही, तोंडात काही नाही. रजिस्टरमध्ये मी एक तारीख लिहिली आणि 'हयात, रोग नाही' असा शिक्का मारला.

एक शिक्का. पाचशे पेशंट आणि प्रत्येकाच्या कित्येक भेटी, अशा शिक्क्यांची रास साचते तेव्हा कुठे आलेखातली एक रेघ तयार होते.

काही फोन वेगळे असतात. कोकणातल्या एका घरी फोन लावला तर पत्नी म्हणाल्या, 'ते गेले की शिमग्याच्या आधी.' आता मला तारीख हवी असते. कशाने गेले, तेही हवं असतं. कॅन्सर परत आला होता, की हार्ट, की आणखी काही. नवरा गेलेल्या बाईला हे विचारायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. आमचे एक सर असे फोन स्वतः करायचे. शनिवारी ओपीडी संपली की खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसायचे, रजिस्टरमधल्या हरवलेल्या ओळींवर लाल पेन्सिलीने खूण करायचे आणि एकेक नंबर लावायचे. समोरून रडू आलं की घाई करायचे नाहीत. त्यांच्या पेशंटमध्ये हरवलेले फारच थोडे.

हे सर बढतीच्या मुलाखतीला गेले तेव्हा त्यांना विचारण्यात आलं, फर्स्ट ऑथर किती, इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज किती. फॉलोअपबद्दल एकही प्रश्न नाही. त्यांच्यानंतर आत गेलेल्या उमेदवाराची यादी लांब होती, जागा त्याला मिळाली. कोणती समिती, कोणती संस्था, हे मी लिहिणार नाही. सरांनाही ते आवडणार नाही. तुमच्यापैकी कुणाच्याही समितीत हे घडू शकलं असतं, कारण अर्जाचा नमुना सगळीकडे जवळजवळ तोच आहे.

आणखी एक गोष्ट. सर्जनने केलेल्या संशोधनाची माझी आवडती गोष्ट म्हणजे ऑपरेशन करू नका असं सांगणारं संशोधन. स्तनाचा कॅन्सर शरीरात इतरत्र पसरल्यावर स्तनातली मूळ गाठ काढून आयुष्य वाढतं का, या प्रश्नावर डॉ. राजेंद्र बडवे यांनी टाटा मेमोरियलमध्येच ३५० स्त्रियांची चाचणी केली. आधीच्या जुन्या नोंदींवरून बऱ्याच जणांना वाटत होतं की वाढतं. तसं काही निघालं नाही, दोन्ही गटांतलं आयुष्यमान जवळजवळ सारखंच भरलं. २०१५ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत तो निकाल आला. त्या एका 'नाही'मुळे किती स्त्रियांचं निरर्थक ऑपरेशन टळलं असेल याचा हिशोब कुठल्याच इंडेक्समध्ये बसत नाही. आमच्याकडे मात्र 'निगेटिव्ह आलंय, आता काय छापणार' म्हणून फाईली बंद होताना मी बघते. तुम्ही लांबी मोजता हे माहीत असल्यावर लोक पॉझिटिव्हच्याच मागे लागणार.

त्याच डॉ. बडवे यांची दुसरी चाचणी २०२३ मध्ये छापून आली. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन टोचायचं, ज्याला ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे झायलोकेनच म्हणतात. दाताच्या दवाखान्यात मिळतं ते साधं भूल देणारं औषध. ११ रुग्णालयं, १,५८३ स्त्रियांचा हिशोब. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रिया टोचलेल्या गटात ९०.१ टक्के, न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के. या औषधावर कुणाचं पेटंट नाही, त्यामुळे कंपनी पैसा घालेल अशी आशाच नाही. असे प्रश्न सार्वजनिक रुग्णालयातल्या सर्जननेच विचारायचे असतात. यावर शंका घेणारेही आहेत, आणि घ्याव्यातच. पण ११ रुग्णालयांच्या चाचणीत एखाद्या ठिकाणी चिकाटीने पेशंट घेणारा सर्जन लेखकांच्या यादीत कुठेतरी शेवटाकडे असतो. तुमच्या नियमात त्याच्या वाट्याला शून्य. मग त्याने दुसऱ्याच्या मोठ्या चाचणीत का उतरावं? स्वतःच्या चाळीस पेशंटचा छोटा पेपर टाकून पहिलं नाव लावणंच परवडतं. यातून हजार पेशंटची एक चाचणी होण्याऐवजी चाळीस-चाळीसचे पंचवीस पेपर निघतात आणि प्रश्न होता तिथेच राहतो.

वेळेबद्दल बोलायचं तर डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या चाचणीकडे बघा. तेही सर्जन. १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुरुवात झाली. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने स्तनांची तपासणी केली तर मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न. दीड लाखांहून जास्त स्त्रिया. निकाल बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आला २०२१ मध्ये. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, तरुण स्त्रियांमध्ये फायदा नाही. अशा चाचण्यांवर टीकाही झाली आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या मुंबईतल्या तपासणी चाचणीत दुसऱ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, असा कडक प्रश्न परदेशातून विचारला गेला. आता ही टीकाही सायटेशन, म्हणजे संदर्भ, म्हणूनच मोजली जाते, हे लक्षात घ्या. कौतुक केलं तरी एक, कान उपटले तरी एक.

आणि डॉ. दाराब जस्सावाला. तेही सर्जनच. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने १९६३ मध्ये त्यांनी मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री सुरू केली, देशातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली. शहरात कोणता कॅन्सर किती, कुणाला, हे त्यामुळे पहिल्यांदा नीट कळलं. त्यावर नंतर कितीतरी लोकांनी पेपर लिहिले. रजिस्ट्री उभी करणं या कामाला तुमच्या अर्जात आजही जागा नाही.

मी मागते आहे ते फार नाही. उमेदवाराला वीस पेपरांची यादी मागण्याऐवजी त्याने स्वतः निवडलेले तीन मागा आणि समितीतल्या एकाने तरी ते मुलाखतीआधी वाचून या. प्रश्न काय होता आणि तो कुठून सुचला, हे विचारा. खरा लेखक पाच मिनिटं बोलत राहतो. ज्याचं नाव नुसतं घातलेलं आहे तो तिसऱ्या वाक्याला अडखळतो, हे बघायला संख्याशास्त्र लागत नाही. चाचणी चालू असेल, निकाल यायचा असेल, तर क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतली नोंद आणि आतापर्यंत घेतलेले पेशंट हे काम म्हणून धरा. मोठ्या चाचणीतल्या विसाव्या लेखकाने किती पेशंट दिले ते त्या चाचणीच्या ऑफिसकडून लेखी मागवता येतं. निगेटिव्ह निकालाला तेवढेच गुण द्या. आणि जमलं तर एखाद्या मुलाखतीला संख्याशास्त्रज्ञाला बसवा. ती मंडळी फार गोड बोलत नाहीत, पण एका प्रश्नात टेबलावरचे निम्मे कागद बाजूला काढतात.

आमच्याबद्दल एकच वाक्य. कोऑर्डिनेटर अकरा महिन्यांच्या करारावर आणि पेशंट पाच वर्षांच्या फॉलोअपवर, हे गणित जमत नाही. मी गेले की गणेश मंडळाच्या खजिनदाराचा नंबरही माझ्याबरोबर जातो.

हे सगळं एकदम होणार नाही, ठाऊक आहे. पेपर किती हवेत, लेखक कितवा चालेल, हे दिल्लीत ठरतं आणि त्यात तुमचा हात नाही. पण किमान अटीच्या वर गुण कशाला द्यायचे आणि मुलाखतीत काय विचारायचं, हे समितीच्या हातात असतं, आणि अर्जाचा नमुना तुमच्याच कार्यालयात टाईप होतो. तेव्हा पुढच्या जाहिरातीच्या आधी 'इम्पॅक्ट फॅक्टर'च्या शेजारी एक रकाना वाढवा: 'या अभ्यासातले किती पेशंट आज कुठे आहेत हे माहीत नाही?' टक्केवारी लिहायला सांगा आणि रजिस्टर सोबत घेऊन यायला सांगा. आमच्याकडचं मी आणून देईन.

आपली विश्वासू,
एक ट्रायल कोऑर्डिनेटर
मुंबई